घरपोच ‘मेन्स हॉर्मोन पॅकेज’: काही महिने वापरल्यावरचं मत (सोलापूर)

पाचपैकी तीन स्टार. रक्त घ्यायला घरी येतात, रिपोर्ट त्याच संध्याकाळी मोबाइलवर येतो, तक्रार नाही. अडचण पॅकेजमध्ये काय आहे त्याची. टोटल टेस्टोस्टेरॉन (रक्तातलं सगळं पुरुष हॉर्मोन), फ्री टेस्टोस्टेरॉन (त्यातलं प्रथिनाला न चिकटलेलं) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी; थायरॉइड मंद असेल तर हा आकडा वाढतो) मिळतं. एलएच आणि एफएसएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून वृषणांना हुकूम देणारी हॉर्मोन्स), प्रोलॅक्टिन (त्याच ग्रंथीचं आणखी एक हॉर्मोन) आणि एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉन रक्तात वाहून नेणारं प्रथिन) मिळत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी का आहे, हे या चारांशिवाय कळत नाही.

टीएसएच मात्र आहे, ही या पॅकेजची सगळ्यात मोठी जमेची बाजू. थकवा, वाढलेलं वजन, इच्छा कमी होणं, मरगळ ही लक्षणं टेस्टोस्टेरॉन कमी असणं आणि थायरॉइड मंद असणं, दोन्हींत सारखीच. थायरॉइड मंद असेल तर एसएचबीजी हे वाहक प्रथिन घटतं आणि टोटलचा आकडा खाली दिसतो. प्रत्यक्ष कामाला येणारं फ्री टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. थायरॉइड फारच मंद असेल तर प्रोलॅक्टिन वाढून एलएच दबतं, मग टेस्टोस्टेरॉन खरोखरच घसरतं. थायरॉइड जास्त असेल तर उलटं: एसएचबीजी वाढतं, टोटल भरपूर दिसतं, पण फ्री नॉर्मल किंवा कमी असू शकतं. म्हणून टीएसएच वर असताना थेट टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करणं चूक आहे. आधी थायरॉइड मार्गावर आणा, मग टेस्टोस्टेरॉन पुन्हा तपासा.

पॅकेजमधलं ‘फ्री’ हिशोबाने न काढता थेट तपासणीच्या किटवर मोजलेलं असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. तेच पैसे एसएचबीजीला घाला. टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) यांवरून हिशोबाने काढलेला आकडा जास्त खरा असतो. एलएच-एफएसएच वाढलेलं आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर दोष वृषणांत. टेस्टोस्टेरॉन कमी असून एलएच-एफएसएचही कमी किंवा ‘नॉर्मल’च असेल तर दोष वर, पिट्युटरीकडे. प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं असून डोकेदुखी किंवा नजरेचा त्रास असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे) जायला उशीर करू नका, एमआरआय लागू शकतो.

सॅम्पलची वेळ हा सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी, नीट झोप झाल्यावर. बुकिंग पहिल्या स्लॉटचंच घ्या. रक्त घ्यायला येणारा मुलगा साडेअकराला आला तर त्या दिवशी टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त देऊ नका. यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी सुटल्यावर घरी येऊन लगेच रक्त दिलं तर आकडा फसवा येतो, कारण हा हॉर्मोन झोपेच्या तालावर चालतो. दिवसपाळीच्या आठवड्यात द्या. ताप किंवा मोठा आजार असेल तर बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या.

एका रिपोर्टवर निदान होत नाही. वेगवेगळ्या दिवशी सकाळचे दोन रिपोर्ट कमी हवेत, शिवाय लक्षणंही हवीत. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली कमी धरते, एंडोक्राइन सोसायटीचा आकडा २६४. पहिल्या दिवशी २८५ आणि दुसऱ्या दिवशी ३४० असं सहज होतं. दोन्ही वेळा लॅब तीच ठेवा.

केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल (५ किंवा १० मिलिग्रॅमच्या सर्रास मिळतात) तर निदान तीन दिवस आधी बंद करा. काही किटमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं. म्हणजे खरा आजार रिपोर्टमध्ये दडून जातो.

मंद थायरॉइडवरचं औषध, थायरॉक्सिन, सुरू झालं असेल तर गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा त्यानंतर अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनीच पाहा. पंधरा दिवसांत तपासणं म्हणजे पैसे वाया. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा डबी गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका. उष्णतेने औषधाचा जोर कमी होतो.

मूल हवं असणाऱ्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊच नये. त्याने एलएच-एफएसएच दबतात आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जिममध्ये कुणी सुचवलं तरीही नाही. डॉक्टरांनी कारण पाहून सुरू केलंच तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) वेळोवेळी तपासावं लागतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवतात. या दोन्ही चाचण्या पॅकेजमध्ये नाहीत, वेगळ्या सांगून घ्याव्या लागतात.