'भारताचे संविधान', द्विभाषी पीडीएफ: विधानसभेचा अधिकार शोधायला किती कामाची?

केंद्राच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर संविधानाची मराठी-इंग्रजी पीडीएफ मोफत मिळते. एखाद्या विषयावर राज्याला कायदा करता येतो का, हे तिच्यावरून कळतं का? बऱ्यापैकी कळतं, पण वाचायची पद्धत हवी.

आधी प्रत कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे ते बघा. १६ सप्टेंबर २०१६ च्या आधीची असेल तर राज्य सूचीत, म्हणजे राज्याने कायदा करायच्या विषयांच्या यादीत, नोंद ५२ (प्रवेश कर) आणि ५५ (जाहिरातींवरचा कर) अजून दिसतील. १०१ व्या घटनादुरुस्तीने त्या गळाल्या. जीएसटीचा अधिकार तर कुठल्याच सूचीत सापडणार नाही, तो अनुच्छेद २४६क मध्ये आहे.

बहुतेक जण थेट सातवी अनुसूची, म्हणजे केंद्र, राज्य आणि समवर्ती (दोघांच्या सामाईक) विषयांच्या तीन सूची, उघडतात आणि तिथेच फसतात. आधी कायदे करण्याचा अधिकार वाटून देणारे अनुच्छेद २४५ आणि २४६ वाचा, मग तिन्ही सूची, शेवटी दोन कायद्यांतल्या विसंगतीबद्दलचा अनुच्छेद २५४. राज्य सूचीत विषय दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. खाणी २३ व्या नोंदीत आहेत खऱ्या, पण 'अधीन राहून' हे शब्द केंद्र सूचीच्या ५४ व्या नोंदीकडे (केंद्राच्या नियंत्रणाखालच्या खाणी) बोट दाखवतात. दोन्ही नोंदी शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

तळटीपा बारीक टाइपात असल्या तरी नेमक्या आहेत, मात्र अर्धवट. राज्य सूचीची ११ वी नोंद, म्हणजे शिक्षण, ४२ व्या दुरुस्तीने ३ जानेवारी १९७७ पासून वगळली, एवढं टीप सांगते. विषय समवर्ती सूचीच्या २५ व्या नोंदीत गेला, हे तुम्ही शोधायचं. साधा उलटसंदर्भ द्यायला काय हरकत होती?

खरी उणीव न्यायनिर्णयांची. राज्य सूचीची ८ वी नोंद मादक मद्याची. औद्योगिक अल्कोहोल त्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निर्णय होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी तो फिरवला आणि राज्यांचा अधिकार मान्य केला. नोंदीतला एक शब्दही बदलला नाही, त्यामुळे पीडीएफमध्ये याचा मागमूस नाही. न्यायालयात दाखवायच्या मुद्द्यासाठी नुसत्या या प्रतीवर विसंबू नका.

२५४ चं मराठी अवघड वाटलं तर शेजारचं इंग्रजी बघा. समवर्ती विषयात दोन कायदे विसंगत असले तर केंद्राचा चालतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवला आणि त्यांची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा. खालचं परंतुक, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणारी अट, मात्र सोडू नका: संसद नंतर कायदा करून तोही निष्प्रभ करू शकते. संमती कोणाची घेतली हे या पीडीएफमध्ये अर्थातच नसतं. महाराष्ट्राच्या अधिनियमांत ते शीर्षकाजवळच, राजपत्रातल्या प्रसिद्धीच्या तारखेसह छापलेलं असतं.