बाबांच्या फुफ्फुसातल्या झडपा

आंघोळ करतानाही बाबांना तीनदा बसावं लागायचं. एम्फिसिमा, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार, खूप पुढे गेलेला, इनहेलर पुरेनात. शेवटी झेफिर व्हॉल्व्ह बसवले. चिरफाड नाही; ब्रॉन्कोस्कोपमधून, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीच्या नळीतून, चार एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. फुफ्फुसाच्या फुगलेल्या खंडातली (भागातली) हवा बाहेर पडते, आत शिरत नाही. तो आक्रसतो आणि बाकीच्या फुफ्फुसाला जागा मिळते. शेजारच्या खंडातून हवेची छुपी वाट असेल तर उपयोग नाही, म्हणून ते आधी तपासतात.

दुसऱ्या दिवशी फुफ्फुसाबाहेर हवा साठली, छातीत नळी घालावी लागली. धोका आधी सांगितला होता, तरी ती रात्र फार जड गेली. पहिले ३ दिवस घरी जायची घाई अजिबात करू नका. आजार गेलेला नाही, इनहेलर चालूच आहेत. पण परवा बाबा जिना चढून आले आणि दारातच माझ्याशी बोलायला लागले.