कॅमेऱ्याची बॅटरी आणि पावसाळी वाटा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

जुलै २०२४ च्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत माझा कॅमेरा पांढरपाण्याच्या अलीकडं बंद पडला. आदल्या दिवशी पन्हाळ्याच्या राजदिंडीच्या वाटेनं उतरल्यापासून मी फोटो काढत होते. म्हसाई पठारावर ढग अंगावरून जात होते, पुढं चाललेला माणूस दहा पावलांवर दिसेनासा होत होता, आणि मला ते सगळं व्हिडिओत हवं होतं. रात्री करपेवाडीला पोहोचलो तेव्हा गावात लाइट नव्हती. ज्यांच्या सोप्यात झोपलो त्या मावशी म्हणाल्या, "पाऊस लागला की जातीयाच. कवा येईल, काय सांगावं बघा." सॅकमध्ये चार्जर होता, भिंतीवर बोर्ड होता, वीज तेवढी नव्हती. दुसऱ्या दिवशी उरलेली बॅटरी ४० टक्के दाखवता दाखवता एकदम संपली आणि कॅमेरा तसाच गळ्यात घेऊन मी खिंडीत उतरले.

माझ्या बाबांनी तरुणपणी ही वाट तीनदा चालली आहे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी परत आले की फोटो टीव्हीवर लावून ते एकेक बघतात. ओढे ओळखतात, कुठल्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली होती ते सांगतात. त्या वेळी सगळे फोटो बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि खिंड?" मी मोबाइलवरचे चार धुरकट फोटो दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी १३ जुलै १६६० ला जी जागा अडवून धरली, नेमका तिचाच धड फोटो नाही. मग मी या विजेच्या प्रकरणाच्या मागंच लागले. तेव्हापासून जे घेतलं, वापरलं, टाकून दिलं त्याचा हा अनुभव.

कॅमेरा सोनीचा ए६४०० आहे, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला. त्याची मूळ बॅटरी ७.२ व्होल्ट, १०२० एमएएच, म्हणजे साधारण ७.३ वॉट-अवर (बॅटरीत एकूण किती वीज मावते त्याचं हे माप, व्होल्ट गुणिले एमएएच भागिले हजार). कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जिंगमध्ये स्क्रीन वापरून ४१० आणि व्ह्यूफाइंडर वापरून ३६० फोटो निघतात. यात उलटसुलट काही नाही. डीएसएलआरची, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची सवय असलेल्यांना वाटतं की डोळा लावला की बॅटरी वाचते, कारण तिथं आरशावरून थेट दृश्य दिसतं. मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडर हासुद्धा एक छोटा पडदाच असतो आणि तोही वीज खातो. मला कोरड्या हवेत साडेतीनशे-चारशे फोटो मिळतात. व्हिडिओ सुरू केला की हा हिशेब पार कोसळतो. म्हसाई पठारावर माझी पहिली बॅटरी फोटोंनी नाही, व्हिडिओनं संपवली होती.

सगळ्यात आधी मी जादा बॅटऱ्या घेतल्या, आणि आजही कोणी विचारलं तर हेच पहिलं सांगते. ज्या वाटेवर रात्री वीज मिळेल याची खात्री नाही, तिथं घरून भरून नेलेली बॅटरी सगळ्यात भरवशाची. तिला ना ऊन लागतं, ना वायर, ना रात्रभराचा वेळ. खिंडीच्या तोंडाशी पावसात उभं राहून दहा सेकंदांत बदलता येते. माझ्याकडं आता तीन मूळ बॅटऱ्या आहेत. दोन-तीन दिवसांच्या सह्याद्रीतल्या वाटेला, व्हिडिओ आवरता घेतला तर, तेवढ्या पुरतात.

स्वस्तातल्या बॅटऱ्यांचं मात्र सांगायलाच हवं. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून मी आधी एक दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेतली होती, किंमत मूळ बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, वर छापलेला आकडा मात्र मूळ बॅटरीपेक्षा मोठा. तीच ती, ४० टक्क्यांवरून थेट शून्यावर गेलेली. आकडा बरोबर दाखवायचा तर बॅटरीनं कॅमेऱ्याला खरी स्थिती कळवावी लागते, ती ही कळवत नव्हती. नऊ महिन्यांनी एका संध्याकाळी झाकण उघडलं तर ती बाहेरच येईना. खटका सोडला की बॅटरी स्प्रिंगनं वर उसळते, ही जागची हलत नव्हती. पोट फुगलं होतं. नखानं धरायला गेले तर प्लास्टिक मऊ लागलं, तेव्हा पोटात गोळाच आला. शेवटी सेलोटेपची पट्टी तिच्या तोंडावर चिकटवून, कॅमेरा उलटा धरून, सरळ रेषेत अगदी सावकाश ओढली. निघाली. टोकदार काही घातलं असतं आणि आतला थर फाटला असता, तर आगही लागू शकली असती. ती मी ई-कचऱ्यात दिली. चांगल्या कंपन्यांच्या पर्यायी बॅटऱ्याही मिळतात, सगळ्यांना एका मापानं मोजणार नाही. पण फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायचा मोह कोणालाच होऊ नये.

भरलेली कुठली आणि रिकामी कुठली, हा पावसातला मोठाच घोळ. अंधारात, ओल्या हातानं, तिन्ही सारख्याच दिसतात. आईनं यावर तोड काढली. तिच्या टिकल्यांच्या पाकिटातली एकेक लाल टिकली प्रत्येक भरलेल्या बॅटरीवर लावायची आणि बॅटरी कॅमेऱ्यात घालताना काढून टाकायची. टिकली आहे म्हणजे भरलेली. टॉर्चच्या उजेडातही दिसते आणि बोटालाही लागते. मी साधीच, बाजारात मिळते ती घेते, तिचा डिंक मागं राहत नाही. टिकली फक्त सपाट बाजूला लावायची, वीज जिथून जाते त्या सोनेरी पट्ट्यांवर नाही. त्या पट्ट्यांवर प्लास्टिकची टोपी हवीच. मोकळी बॅटरी खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ठेवली तर शॉर्ट होते.

आता पॉवर बँक. दुकानदार म्हणाला, "ताई, दहा हजारची घ्या, हजारची बॅटरी दहा वेळा भरंल." साधा भागाकार तसाच येतो, पण तो चुकतो. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा. त्याचे वॉट-अवर होतात ३७. बाहेर ५ व्होल्ट करून देताना त्यातले काही उष्णतेत जातात. मग चार्जर तीच वीज कॅमेऱ्याच्या बॅटरीसाठी ८.४ व्होल्टपर्यंत चढवतो, तिथंही थोडे जातात. माझ्या वापरात ३७ पैकी चोवीस-पंचवीस हाती लागले. म्हणजे साधारण तीन बॅटऱ्या. पॉवर बँकेच्या मागं बारीक अक्षरांत रेटेड कपॅसिटी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी वीज, लिहिलेली असते, हिशेब त्या आकड्यावर करायचा.

आणि ही सगळी वीज कॅमेऱ्याला मिळते कुठं? मोबाइलची ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॉट-अवर खाते. तो एकदा भरला की दहा हजारच्या पॉवर बँकेत कॅमेऱ्याची एक बॅटरीसुद्धा धड भरणार नाही. आमच्या वाटेवर रेंज नसते, मोबाइल दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि दुपारपर्यंत अर्धा होतो. वाटेला लागतानाच तो एअरप्लेन मोडवर टाकायचा. मी सहा महिन्यांनंतर २०,००० ची दुसरी पॉवर बँक घेतली. ती लांबच्या प्रवासाला नेते आणि मोबाइल तिच्यावर भरते, छोटी फक्त कॅमेऱ्याची. मैत्रिणीनं "थोडं दे गं" म्हटलं तरी छोटी देत नाही. त्यावरून एकदा वाईटपणा आला, पण खिंडीच्या आधी तो मला परवडला.

चार्जर मी दोन बॅटऱ्यांचा, यूएसबीवर चालणारा घेतला. पॉवर बँकेला लावला की दोन्ही खणांत लाल दिवा लागतो, भरलं की हिरवा. दोन्ही भरायला माझ्याकडं तीन-साडेतीन तास लागतात, त्यामुळे जेवण आणि गप्पा होईपर्यंत काम उरकतं. कॅमेऱ्यात ठेवूनही यूएसबीनं चार्ज करता येतं आणि या मॉडेलला चालू असताना बाहेरून वीजही घेता येते. रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स (ठरावीक वेळानं काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ) मी तसाच काढला, रात्रभर पॉवर बँक जोडून. पण चालताना वायर लोंबत ठेवायला माझा विरोध आहे. काट्याकुट्यांत अडकली तर पोर्टच उखडेल. आणखी एक, काही पॉवर बँका वीज फार कमी ओढली जातेय असं दिसलं की आपोआप बंद होतात, आणि चार्जिंगच्या शेवटी वीज कमीच ओढली जाते. हिरवा दिवा दिसल्याशिवाय मी झोपत नाही.

सोलर पॅनेलचा अनुभव थोडक्यात: पावसाळ्यात घरी ठेवा. घडीचं १० वॉटचं घेतलं होतं. सॅकवर बांधून चालताना झाडांच्या सावल्या, पाठीचा कल, यात जेमतेम काही भरतं. डिसेंबर-जानेवारीत राधानगरीच्या बाजूला दुपारच्या विश्रांतीत दगडावर सरळ उन्हात ठेवलं तेव्हा पॉवर बँक बरी भरली. चार-पाच दिवस एका जागी तळ असेल आणि ऊन असेल तर उपयोग आहे. आपल्या दोन मुक्कामांच्या वाटांना ते ओझंच.

थंडीचं मात्र वेगळंच शास्त्र निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तराखंडात केदारकंठाला गेले, साधारण १२,५०० फूट. पहाटे माथ्यावर कॅमेऱ्यानं ६० टक्के दाखवत असतानाच मान टाकली. मला वाटलं, बॅटरी गेली. खरं तर थंडीत लिथियम बॅटरीचा आतला रोध वाढतो, वीज ओढली की व्होल्टेज एकदम पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं संपली. ती काढून जॅकेटच्या आत, अंगालगत पंधरा मिनिटं ठेवली आणि तीच बॅटरी पुन्हा चालली. तेव्हापासून बर्फात दोन बॅटऱ्या आतल्या खिशात आणि एक कॅमेऱ्यात, आलटून पालटून. रात्री त्या स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. शून्याच्या खाली चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. परतताना दिल्लीहून विमान होतं. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, आणि १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. वीस हजारची ७४ होते, चालते. तीस हजारची १११ होते, ती घेऊन काउंटरवर अडचण.

आपल्याकडं थंडीपेक्षा ओल बेकार. करपेवाडीच्या मावशी म्हणाल्या होत्या, "आण हिकडं, चुलीपाशी वाळवू." मायेनं म्हणाल्या, पण बॅटरी चुलीजवळ नको, तापते. ओल्या पोर्टमध्ये वायरही नको. मी बॅटऱ्या झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी, ती पिशवी पोहे भरायच्या जुन्या डब्यात, आणि डबा सॅकच्या मध्यभागी कपड्यांत ठेवते. पट्ट्या कोरड्या सुती कापडानं पुसायच्या. आणि कॅमेऱ्याचं बॅटरीचं दार उघडताना आधी स्वतःचे हात, कपाळ आणि रेनकोटची बाही पुसायची. बाहीवरून ओघळणारं पाणी नेमकं त्या दारात जातं, हे एकदा अनुभवलंय.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मी चारच गोष्टी बदलल्या: एअरप्लेन मोड चालू, फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद, प्री-एएफ (बटण दाबायच्या आधीच फोकस शोधत राहणं) बंद, आणि एक मिनिटानं झोपी जाण्याची वेळ. यातली दुसरी सगळ्यात कठीण गेली. काढलेला फोटो लगेच बघायचा हात आवरत नाही. पण दिवसाला शंभरेक फोटोंचा फरक मला तिथंच दिसला.

जुलै २०२५ ला पुन्हा तीच वाट चालले. करपेवाडीला याही वेळी लाइट नव्हती. मावशींच्या सोप्यात मी चार्जर लावला, पोरं भोवती जमली, लाल दिव्याचा हिरवा व्हायची वाट बघत बसली. खिंडीत उतरले तेव्हा कॅमेऱ्यात ८१ टक्के होते आणि डब्यात टिकली लावलेली एक बॅटरी. तासभर थांबले. दोन्ही बाजूंचे कडे, त्यावरून कोसळणारं पाणी, साखळी धरून उतरणारी माणसं, सगळं घेतलं, व्हिडिओसुद्धा. घरी बाबांनी ते फोटो दोनदा बघितले आणि उतारावरच्या एका दगडाशी थांबून म्हणाले, "इथं घसरलो होतो मी."

घरी असताना बॅटऱ्या मी आता अर्ध्या भरून ठेवते, पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवल्या की लवकर म्हाताऱ्या होतात. तिघींतली सगळ्यात जुनी आता अडीचशेच फोटो देते, म्हणून ती पहिल्या दिवशी वापरून टाकायची आणि नव्या दोन पुढच्या दिवसांना राखायच्या. डिसेंबरमध्ये रांगणा किल्ला ठरतोय, दोन मुक्काम. तीन बॅटऱ्या, छोटी पॉवर बँक, चार्जर आणि टिकल्यांचं नवीन पाकीट एवढंच नेणार आहे.