साठ चित्रांचं काय करायचं? आफ्रिकेतली आजची कला आणि खासगी संग्राहकापुढचे रस्ते

नैरोबीत तीस वर्षं काढलेल्या एका मराठी स्नेह्यांचा मागच्या महिन्यात फोन आला. धंदा आवरून ते पुण्याला परतायचं म्हणतायत. घरात साठ-पासष्ट चित्रं आणि थोडी लाकडी शिल्पं आहेत. बहुतेक सगळी पूर्व आफ्रिकेतल्या कलाकारांकडून थेट, त्यांच्या उमेदीच्या काळात घेतलेली. मुलं कॅनडात, त्यांना यात रस नाही. "विकू, कुणाला देऊ, की इथेच एखादा ट्रस्ट काढू?" असं त्यांनी विचारलं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. असाच प्रश्न आणखी कुणापुढे असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्र त्या खंडातच राहावं, आणि तेही अशा जागी की तिथला विद्यार्थी उठून चालत जाऊन ते पाहू शकेल. पुढची सगळी तुलना मी याच मापाने केली आहे.

संग्रह बाहेर ठेवून जगाला दाखवणं

याचं सगळ्यात मोठं उदाहरण धनाढ्य संग्राहक जाँ पिगोझी यांचं. १९८९ साली पॅरिसमध्ये 'माजिसियां द ला तेर' हे प्रदर्शन झालं. ते पाहून पिगोझी इतके भारावले, की प्रदर्शन उभं करणाऱ्यांपैकी आंद्रे मान्यां यांना हाताशी धरून त्यांनी जिनीव्हात आफ्रिकेतल्या समकालीन कलेचा संग्रह सुरू केला. या माणसाने काय साधलं ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात माली देशातली काही व्यक्तिचित्रं लागली होती आणि छायाचित्रकार 'अज्ञात' असं लिहिलं होतं. पिगोझींनी मान्यांना बामाकोला धाडलं. तिथे छायाचित्रकार सापडले : सेदू केइता. १९४८ पासून स्वतःचा स्टुडिओ चालवलेले, अख्ख्या शहराला नावाने माहीत असलेले. पुढच्या काही वर्षांत त्यांचं नाव जगभर झालं.

पण इथेच मेख आहे. केइतांच्या स्टुडिओतून गिऱ्हाईक साधारण १३ बाय १८ सेंटीमीटरचा फोटो घेऊन घरी जायचं, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. युरोपात त्याच निगेटिव्ह भिंतभर मोठ्या करून लागल्या, आणि केइता २००१ मध्ये गेल्यावर त्या निगेटिव्हवरून कोर्टकज्जेही झाले. शिवाय पिगोझींच्या संग्रहात भर राहिला तो स्वतःहून शिकलेल्या कलाकारांवर. त्यामुळे मकेरेरे (युगांडा), खार्तूम (सुदान) किंवा न्सुक्का (नायजेरिया) इथल्या कलाशाळांतून शिकून आलेल्यांची मोठी परंपरा त्या संग्रहातून बरीचशी सुटली. २०१९ मध्ये त्यांनी ४५ कलाकृती न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाला दिल्या. त्यात आयव्हरी कोस्टचे फ्रेदेरिक ब्रुली बुआब्रे यांची बेते भाषेची अक्षरमाला आहे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर बॉलपेन आणि रंगीत पेन्सिलींनी काढलेली ४४९ चित्रं, प्रत्येक चित्राला एक उच्चार. आपल्या भाषेला लिपी नाही म्हणून एका माणसाने ती चित्रांनी घडवली, आणि आज ती पाहायला आबिजानच्या मुलीला अमेरिकेचा व्हिसा काढावा लागतो. मला हे लागतं.

भव्य इमारतीत मुदतीने ठेवणं

केपटाऊनचं 'झाइट्झ मोका' हे आफ्रिकेतल्या समकालीन कलेचं संग्रहालय २०१७ मध्ये उघडलं. बंदरावरच्या, १९२० च्या दशकातल्या धान्याच्या कोठारात काँक्रीटच्या ४२ नळ्या उभ्या होत्या. वास्तुरचनाकार थॉमस हेदरविक यांनी मक्याचा एक दाणा घेतला, त्याचा आकार कित्येक पटींनी मोठा केला आणि त्या आकाराची पोकळी नळ्यांमधून कोरून काढली. आत मधोमध उभं राहून वर पाहिलं की कापलेल्या नळ्यांच्या कडा दिसतात. जर्मन उद्योजक योखेन झाइट्झ यांनी आपला संग्रह इथे दान दिलेला नाही, मुदतीने दिला आहे : ते हयात असेपर्यंत किंवा २० वर्षं, जे जास्त असेल ते. सुरुवातीला टीका झाली की एका माणसाची आवड म्हणजे खंडाची कला नव्हे. टीका रास्त होती. संस्थेचा सूर बदलला तो २०१९ मध्ये कोयो कुओ संचालक झाल्यावर. त्या आल्या डाकारहून, स्वतः उभारलेल्या कलाकेंद्राचा अनुभव घेऊन. कृष्णवर्णीयांनी शंभर वर्षांत स्वतःला कसं रंगवलं, यावर २०२२ मध्ये त्यांनी मांडलेलं प्रदर्शन पुढे युरोपातही गेलं. मे २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा कलाजगत हळहळलं. माझ्या स्नेह्यांसाठी यातला धडा एवढाच, की इमारतीपेक्षा ती चालवणारं माणूस पाहा. बाकी ही वाट साठ चित्रांची नव्हेच.

स्वतःची संस्था

हा मोह प्रत्येक संग्राहकाला होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

बेनिनमध्ये मारी-सेसिल झिन्सू अनाथ मुलांच्या एका वसाहतीत कलेचा इतिहास शिकवत होत्या. मुलांना न्यावं असं एकही ठिकाण जवळपास नव्हतं. २००५ मध्ये त्यांनी कोतोनू शहरात प्रतिष्ठान सुरू केलं, प्रवेश सर्वांना फुकट. पहिलं प्रदर्शन बेनिनच्याच रोम्युआल्द आझुमे यांचं. आझुमे पेट्रोलच्या प्लास्टिक कॅनचे मुखवटे करतात. नायजेरियातून चोरटं पेट्रोल आणण्यासाठी तिकडे हे कॅन मोटरसायकलवर लादतात. कॅन कापला की हँडलचं नाक होतं आणि ओतायच्या तोंडाचा उघडा जबडा. त्यांच्या एका मोठ्या रचनेत असे ३०४ मुखवटे गुलामांच्या जहाजातल्या दाटीसारखे जमिनीवर मांडलेले आहेत, ती आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे. ज्या मुलाच्या बापाने असा कॅन वाहिला असेल, त्याला मुखवटा समजावून सांगायची गरज पडत नाही. कला तिच्या गावात दाखवायची ती यासाठी.

दुसऱ्याच वर्षी दाहोमीचा (म्हणजे आजच्या बेनिनमधल्या जुन्या राज्याचा) राजा बेहांझिन याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा प्रतिष्ठानने पॅरिसहून तिथल्या राजवस्तू काही महिन्यांसाठी आणल्या. अडीच लाखांहून जास्त लोक आले. 'आमच्या लोकांना संग्रहालयाची सवय नाही' हे वाक्य त्यानंतर कुणी तिथे उच्चारू नये. २०१३ मध्ये उइदा गावातल्या १९२२ च्या एका हवेलीत त्यांनी संग्रहालय उघडलं. लहान मुलांसाठी वाचनालयंही काढली.

मग हाच रस्ता धरावा का? झिन्सू घराण्याचा पैसा आणि एका बाईंची वीस वर्षांची रोजची मेहनत यामागे आहे. परगावी राहून हे होत नाही. आणि पैशाचा झरा आटला तर काय होतं त्याचं उदाहरण अंगोलात आहे. उद्योजक सिंदिका दोकोलो यांनी राजधानी लुआंडात प्रचंड संग्रह जमवला, २००७ च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) आफ्रिकेच्या दालनात त्यातलीच कामं लागली, संग्रहालयांतून पळवलेल्या चोक्वे लोकांच्या वस्तूही त्यांनी परत मिळवून दिल्या. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांची आणि त्यांच्या पत्नीची, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलीची, मालमत्ता गोठवली, आणि पुढच्याच वर्षी ते वारले. एका घराच्या नशिबाला बांधलेली कला त्या घराबरोबर बुडू शकते.

सरकारला देणं

यासाठी लांब जायला नको. नैरोबीचे जोसेफ मुरुम्बी : वडील गोव्याचे व्यापारी, आई मासाई, शाळा भारतात. १९६६ मध्ये काही महिने ते केनियाचे उपराष्ट्रपती होते. राजकारण सोडून पुढची वर्षं त्यांनी पुस्तकं, वस्त्रं, टपाल तिकिटं आणि कलावस्तू जमवण्यात घालवली. १९७२ मध्ये सहकाऱ्याबरोबर 'आफ्रिकन हेरिटेज' ही गॅलरी काढली. परदेशी गिऱ्हाइकं मागे लागली असताना त्यांनी संग्रह आणि नैरोबीच्या मुथैगा भागातलं घर केनिया सरकारला सवलतीत विकलं. तिथे आफ्रिकाविद्येची संस्था व्हावी, ही त्यामागची इच्छा. संस्था झाली नाही, घरही पाडलं गेलं. वस्तू मात्र वाचल्या. त्यातला मोठा भाग आज राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे नॅशनल बँक ऑफ इंडियाच्या जुन्या इमारतीत, बघता येतो. देशात राहिला म्हणून संग्रह टिकला, पण शब्द पाळायला लावणारं कलम कागदावर नसलं की काय होतं तेही दिसलं.

विद्यापीठ

मला सगळ्यात पटलेला रस्ता लागोसचा. नायजेरियातले संग्राहक येमिसी शिलॉन यांनी पॅन-अटलांटिक विद्यापीठाला हजार कलाकृती दिल्या, आणि नुसत्या कलाकृती नाहीत तर पैसाही दिला. २०१९ मध्ये संग्रहालय उघडलं. बेन एन्वोन्वू, ब्रूस ओनोब्राक्पेया अशा नामवंत नायजेरियन कलाकारांची कामं विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आली. विद्यापीठाकडे जागा आणि रखवाली आधीच असते, दरवर्षी नवे डोळे येतात, आणि दाता गेला तरी गाडा चालू राहतो. शहराबाहेर असल्याने सामान्य लागोसकर तिकडे सहज फिरकत नाही, हा उणेपणा आहे. पण चित्रं देताना निगराणीचा खर्चही द्यावा हे शिलॉन यांना कळलं, ते फार थोड्यांना कळतं.

विक्रीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये घानाच्या अमोआको बोआफो यांचं एक चित्र लंडनच्या लिलावात ६,७५,००० पौंडांना गेलं. अंदाज होता ३० ते ५० हजारांचा. अशा सौद्यात नफा विकणाऱ्याचा. भाव एकदम चढून उतरला तर भुर्दंड मात्र तरुण चित्रकाराला, कारण त्यानंतर त्याचं नवं काम घ्यायला लोक बिचकतात. विकायचंच असेल तर आधी चित्रकाराला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा.

तर आमच्या स्नेह्यांना माझा सल्ला असा. ट्रस्ट काढू नका. साठातली पंधरा-वीस उत्तम चित्रं निवडा आणि नैरोबीतच बोलणी सुरू करा : एखादं विद्यापीठ, किंवा चित्रकार मायकल आर्मिटेज यांनी २०२० मध्ये सुरू केलेली नैरोबी कंटेम्पररी आर्ट इन्स्टिट्यूट. सोबत कायमनिधी द्या, रक्कम लहान असली तरी चालेल. दानपत्रात तीन गोष्टी घालून घ्या : विकायचं नाही, पाच वर्षांतून एकदा तरी भिंतीवर लावायचं, आणि संस्था बंद पडली तर चित्रं केनियातल्याच दुसऱ्या संस्थेकडे जातील.

आणि हे सगळं करायच्या आधी येत्या रविवारी एक वही घेऊन बसा. कुठलं चित्र कुणाकडून, कुठल्या साली, किती शिलिंगना घेतलं, ते घेताना चित्रकार काय बोलला, सगळं लिहा. जेवणाच्या टेबलावरची ती चित्रकार जाक कातारिकावेंची गाय तुम्ही कशी आणली, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे.