शिक्षण बरोबरीचं हवं की कमी-जास्त चालेल?

मैत्रीण दोन स्थळांत अडकली आहे. ती पीएचडी. एक मुलगा तिच्याइतकाच शिकलेला, दुसरा डिप्लोमा करून स्वतःचं वर्कशॉप चालवणारा.

पैशाचं म्हणाल तर दोन मोठ्या पदव्या म्हणजे बहुधा दोन चांगले पगार. मात्र दोघांच्या बदल्या वेगळ्या गावी निघाल्या की कुणी थांबायचं, हा प्रश्न हमखास उभा राहतो. वर्कशॉपवाल्याचं उत्पन्न वर-खाली होणार.

टिकण्याचं काय? अमेरिकेत पूर्वी बायको जास्त शिकलेली असली की घटस्फोटाचा धोका जास्त दिसे. १९९०च्या दशकापासूनच्या लग्नांत तो फरक उरला नाही. त्यामुळे 'जास्त शिकलेली बायको टिकत नाही' हे ऐकलं की मला खरंच राग येतो.

घरकाम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जपानमध्ये मुली भरपूर शिकल्या, तरी घरकाम आणि मुलांचा भार मुख्यतः बायकांवरच राहिला. पदवी पाहून हे कळत नाही. जेवल्यावर ताट कोण उचलतं, ते बघ.

संशोधनातच आयुष्य घालवायचं असेल, रोज त्यावर बोलायला माणूस हवं असेल, तर पहिला. एका गावी स्थिर राहायचं असेल आणि तुझ्या पदवीचा त्याला मनापासून अभिमान असेल, तर दुसरा.