अंगणात उंच फुलदांडा: व्हर्बॅस्कम की निशिगंध?

सोलापुरात बहुवार्षिक व्हर्बॅस्कम (उंच दांड्यावर फुले येणारे एक विदेशी फुलझाड) लावावे का, असे विचारणारे बहुधा उन्हाची काळजी करतात. माझ्या अनुभवात मात्र प्रश्न उन्हाचा नसून सप्टेंबरचा आहे. मी व्हर्बॅस्कम आणि निशिगंध शेजारीशेजारी दोन वर्षे लावून पाहिले आहेत.

व्हर्बॅस्कमचे गुण नाकारता येणार नाहीत. चुनखडीयुक्त माती त्याला चालते आणि मूळ खोल गेले की चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावरही ते तग धरते. मी फिनिशियम ही जांभळ्या फुलांची युरोपीय जात नोव्हेंबरात पेरली होती. तिचे बी अतिशय बारीक असून त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसते भुरभुरावे. दुपारची सावली मिळाल्याने रोपांनी मे महिनाही काढला.

पण आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, काळी माती ते पाणी धरून ठेवते, आणि जमिनीलगत पसरलेल्या पानांच्या मधला गाभा आतून कुजू लागतो. वरून रोप हिरवे दिसते. पान धरून हलके ओढले की सगळा झुबका हातात येतो. पहिल्या वर्षी नऊपैकी सात रोपे अशी गेली. दुसऱ्या वर्षी मुरूम मिसळून गादीवाफा केला, तरी चार गेली. उरलेल्यांचे दांडे फार देखणे होते. तथापि ही जात मुळातच अल्पायुषी असल्याने पुन्हा पेरणी आलीच. दहा महिने जपलेले रोप असे हातात यावे, हे मला सोसले नाही.

निशिगंधाला पाणी अधिक लागते, रंग पांढराच मिळतो आणि दोन-तीन वर्षांनी दाटलेले कांदे काढून पुन्हा लावावे लागतात. परंतु एप्रिलात त्याच गादीवाफ्यावर लावलेल्या कांद्यांना ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे शेजारचे व्हर्बॅस्कम कुजत असतानाच, दांडे आले. माझ्याकडे बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची ‘शृंगार’ ही एकेरी, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेली जात आहे. संध्याकाळी तिचा वास ओसरीपर्यंत येतो.

ज्यांची जागा उताराची आणि मुरमाड आहे, किंवा ज्यांना कुंड्या पावसात आडोशाला हलवता येतील, त्यांना व्हर्बॅस्कम कदाचित साधेल. काळ्या मातीच्या सपाट अंगणासाठी मात्र मी एप्रिलात निशिगंधाचे कांदे आणण्यास सुचवीन.