पागडीची जागा ‘ओनरशिप’ म्हणून गळ्यात मारतात ती अशी

इमारत १९३०च्या दशकातली. गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जिन्यात मोझेक, सागवानी दारं, अकरा फुटांवर छत, दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत नाव आणि साल. दादर हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, शिवाजी पार्क या पट्ट्यात अशी जागा बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त दाखवतात. ‘स्वस्त का?’ विचारलं की एजंटचं उत्तर तयार असतं: ‘बिल्डिंग जुनी, बँक लोन देत नाही, म्हणून रोखीचं गिऱ्हाईक हवंय.’ यातलं अर्धं खरं असतं, म्हणूनच ते पचतं. जुन्या इमारतीला कर्ज देताना बँका कां-कू करतात. पण इथे कर्ज न मिळण्याचं कारण वेगळं असतं. जागा पागडीची असते, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली, आणि विकणाऱ्याकडे गहाण ठेवण्याजोगी मालकीच नसते.

फाटकावर मात्र ‘को-ऑप. हौसिंग सोसायटी’ अशी ठसठशीत पाटी. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खऱ्या सोसायट्या मुंबईत आहेतच. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ची. पण त्या काळच्या पुष्कळ इमारती आजही घरमालकाच्याच नावावर आहेत. पंप, लिफ्ट, झाडूवाला यांचा खर्च वाटून घ्यायला भाडेकरूंनी असोसिएशन काढलेली असते, किंवा विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)खाली पुनर्विकास व्हावा म्हणून ‘नियोजित’, म्हणजे अजून नोंदणी न झालेली, सोसायटी. मुख्य प्रवर्तकाने भागभांडवलापोटी दिलेली पावती मग ‘शेअर सर्टिफिकेट’ म्हणून पुढे केली जाते. झेरॉक्स काढताना कागद वर सरकवून ‘नियोजित’ हा शब्द कापला, की काम झालं. म्हणून मूळ कागद मागायचा. त्यावर नोंदणी क्रमांक आणि तारीख आहे का ते बघायचं आणि तो क्रमांक त्या वॉर्डाच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाच्या कार्यालयात जाऊन ताडायचा. खऱ्या सोसायटीच्या दाखल्यामागे आधीच्या हस्तांतरणांच्या नोंदी असतात. त्या सोसायटीच्या सभासद रजिस्टरशी, म्हणजे ‘आय’ नमुन्याशी, जुळल्या पाहिजेत. रजिस्टर दाखवायला सेक्रेटरी टाळाटाळ करत असेल तर टोकन खिशातच राहू द्या.

त्याआधी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा, काढा. शहर विभागात ते सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांकावर निघतं. तिथे सोसायटीचं नाव नसून एखाद्या ट्रस्टचं किंवा कुटुंबाचं असेल, तर ‘ओनरशिप’ हा शब्द तिथेच संपला. खऱ्या सोसायट्यांतही कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, राहिलेलं असू शकतं, हे मान्य. पण मग बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करार तरी हवा. महापालिकेच्या मालमत्ता कराचं बिल कोणाच्या नावाने येतं तेही बघा. त्यात दुरुस्ती उपकर (जुन्या, बहुधा भाडेकरूंच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर) लावलेला दिसला तर चौकशी वाढवा. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात मोडतात. विकणाऱ्याकडे दरमहा काय येतं, हाही सोपा पुरावा. सोसायटीच्या बिलात सेवाशुल्क, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी असे रकाने असतात. पागडीत घरमालकाची शे-दोनशे रुपयांची भाडेपावती असते. ‘पावती हरवली’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

पागडीत वाईट काही नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ने तिला मान्यता दिली, तोवर ती चोरीछुपेच चालायची. घरमालकाच्या संमतीने, त्याचा हिस्सा देऊन (रिवाज साधारण एक तृतीयांशाचा), पावती नावावर करून घेतली तर व्यवहार चोख. लबाडी होते ती या हिश्श्यात. मालकाला अंधारात ठेवून विकणारा सगळीच रक्कम घेतो आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून किल्ली हातात ठेवतो. घेणाऱ्याच्या हाती भाडेकरूचा हक्कसुद्धा येत नाही. मालकाच्या संमतीशिवाय जागा दुसऱ्याला देणं कलम २६च्या विरुद्ध आहे आणि कलम १६खाली ताबा परत मागायला मालकाला तेवढं पुरतं. घरमालक-भाडेकरूंचे दावे चालवणाऱ्या लघुवाद न्यायालयाचं समन्स येतं तेव्हा विकणारा फोन उचलत नसतो.

वर्षानुवर्षं कुलूप असलेली जागा तर फारच जपून. सहा महिने विनाकारण बंद ठेवल्याच्या मुद्द्यावर मालकाने आधीच दावा लावलेला असू शकतो. लघुवाद न्यायालयात मालक आणि भाडेकरू या दोघांच्या नावांनी शोध घ्यावा. आणि परदेशातला मुलगा वडिलांचं मृत्युपत्र दाखवून विकायला आला, तर विचारायचं एवढंच: वडील गेले तेव्हा त्यांच्यासोबत त्या घरात कोण राहत होतं? भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केलंय. कायदा बघतो तो सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे.

पैसे गेलेच असतील तर उरलेला हप्ता आधी थांबवा. एजंटचे मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘ओनरशिप’ म्हणून लिहिलेली कुठलीही चिठ्ठी जपून ठेवा आणि फसवणुकीची पोलीस तक्रार करा. पैसे परत मिळवायचा दिवाणी दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. रोखीने दिलेली रक्कम सिद्ध करणं अवघड जातं, आणि विकणाऱ्याचा रोखीचा आग्रह असतो तो त्याचसाठी. घरमालकाला मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय भेटू नका. काही मालक हिस्सा आणि वर थोडी रक्कम घेऊन पावती करून देतात, काही थेट दावा लावतात. तुमच्या तोंडून निघालेलं ‘आम्ही विकत घेतली’ हे वाक्य त्या दाव्यात वापरलं जातं.